ऊर्जा-परिवर्तन आणि विदर्भाचा हिशेब



नागपूर शहराच्या उत्तरेस कोराडीची धुरांडी उभी आहेत. त्यांच्या पलीकडे खापरखेडा आहे आणि पूर्वेस, भंडाऱ्याच्या वाटेवर, मौदा आहे. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच, खापरखेड्याचे १३४० मेगावॅट आणि मौद्याचे २३२० मेगावॅट एवढीच बेरीज केली तरी ती ५६४० मेगावॅट होते. चंद्रपूरचे २९२० मेगावॅट त्याहून वेगळे. महाराष्ट्राच्या घराघरांतील दिवे आणि कारखान्यांतील यंत्रे ज्या विजेवर चालतात, तिचा फार मोठा भाग विदर्भाच्या भूमीतून निघतो. ही वीज तारांतून आठशे किलोमीटर दूर निघून जाते. राख मात्र जिथल्या तिथे राहते.

आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः तीस ते चाळीस टक्के असते. याचा सरळ अर्थ असा की, वीजकेंद्रात शंभर वाघिणी कोळसा गेला, तर तीस-चाळीस वाघिणी राख मागे उरते. ती साठविण्यासाठी बंधारे बांधावे लागतात. जुलै २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, कोराडीनजीकचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी ओढ्या-नाल्यांत व शेतांत शिरले. ज्यांच्या शेतात ती राख पसरली, त्यांच्या दृष्टीने ‘शाश्वत ऊर्जा’ हा विषय आंतरराष्ट्रीय परिषदांतील चर्चेपुरता नाही. तो त्यांच्या अन्नाचा आणि पाण्याचा विषय आहे.

सारे जग आज कोळसा व तेल यांपासून सूर्य, वारा व पाणी यांच्याकडे वळत आहे. या परिवर्तनाचा विचार करताना विदर्भाने एक प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. गेली दीडशे वर्षे ज्या भूमीने कोळसा दिला, त्या भूमीच्या वाट्याला या बदलात काय येणार? नव्या युगाचा प्रकाशही दूर जाईल आणि येथे केवळ ओसाड खाणी उरतील काय?

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज

देशाचे धोरण आता स्पष्ट झाले आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे भारत व फ्रान्स यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय सौर आघाडी स्थापन झाली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने ‘पंचामृत’ या नावाने पाच संकल्प जगापुढे मांडले. २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना चालणारी ५०० गिगावॅट क्षमता उभारणे आणि २०७० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणणे, हे त्यांतील दोन प्रमुख संकल्प होत. एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाविना असावी, हे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ च्या मध्यावरच, म्हणजे पाच वर्षे आधी, गाठले. ही गोष्ट निःसंशय अभिमानास्पद आहे.

तथापि अभिमानाच्या भरात आकड्यांचा अर्थ विसरता कामा नये. क्षमता निम्मी झाली म्हणून वीज निम्मी झाली, असे होत नाही. २०२४-२५ या वर्षात देशात निर्माण झालेल्या एकूण विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासूनच मिळाली आणि त्याच वर्षी देशातील कोळशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. याचे कारण साधे आहे. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो. रात्री, ढगाळ दिवशी आणि पावसाळ्यात तो निष्क्रिय किंवा मंद असतो. कोळशाचा एक मेगावॅट मात्र अहोरात्र चालून वर्षाला साठ लाखांच्या घरात युनिट देतो. म्हणजे कोळशाच्या एका मेगावॅटची जागा भरून काढण्यास सूर्याचे जवळपास चार मेगावॅट लागतात.

हाच हिशेब कोराडीला लावून पाहावा. तेथील तीन संचांची १९८० मेगावॅट क्षमता सौर विजेने भरून काढायची झाल्यास सुमारे आठ हजार मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारावे लागतील. जमिनीवरील सौर प्रकल्पास मेगावॅटमागे चार ते पाच एकर जागा लागते. तेव्हा केवळ एका कोराडीसाठी तीस ते चाळीस हजार एकर भूमी हवी. कोळशाचा त्याग करावा असे म्हणणाऱ्यांनी आणि तो कधीच करू नये असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे गणित एकदा स्वतः मांडून पाहिले पाहिजे.

जगाच्या न्यायासनापुढे

पाश्चात्त्य राष्ट्रे भारतास कोळसा सोडण्याचा उपदेश वारंवार करतात. त्या उपदेशामागील इतिहास विसरता येत नाही. त्यांची समृद्धी दोन शतके कोळशाच्या धुरावरच उभी राहिली. आजही एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो. एक अमेरिकन माणूस सुमारे चौदा टन. ज्यांनी आकाश काळे केले त्यांनी आधी आपले घर आवरावे आणि इतरांना साहाय्य करावे, ही भारताची भूमिका न्याय्य आहे.

परंतु न्याय आपल्या बाजूने असला म्हणून धोका टळत नाही. विदर्भाचा उन्हाळा, एका रात्रीत पीक नेणारी गारपीट, बेभरवशाचा झालेला पाऊस यांना उत्सर्जनाचा दरडोई हिशेब ठाऊक नसतो. पाण्याचेही तसेच आहे. औष्णिक वीजकेंद्रांना वाफ निवविण्यासाठी प्रचंड पाणी लागते. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना दर युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. ज्या प्रदेशात कोरडवाहू शेतकऱ्याला एका पाळीचे पाणी मिळत नाही, तेथे साडेतीन लिटर ही लहान गोष्ट नव्हे. नागपूर महानगराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी व खापरखेडा केंद्रांना पुरविण्याची योजना म्हणूनच महत्त्वाची ठरली. त्यामुळे पेंचच्या पाण्यावरील भार काही अंशी हलका झाला. म्हणजेच बाहेरून कोणी सांगो वा न सांगो, स्वतःच्या हितासाठी हा बदल आपल्याला करावाच लागणार आहे. तो कोणत्या गतीने आणि कोणत्या क्रमाने करावयाचा, एवढाच विचार बाकी आहे.

सूर्य मावळल्यावर

पहिले आव्हान रात्रीचे आहे. विजेची मागणी सायंकाळी सहा ते दहा या वेळातही मोठी असते. नागपूरच्या मे महिन्यात तर कूलर आणि वातानुकूलन यंत्रे पहाटेपर्यंत चालू असतात. नेमक्या याच वेळी सौरपट थंड पडलेले असतात. शिवाय उन्हाळा कडक म्हणून सौर वीज अधिक, हा समजही पूर्णतः खरा नाही. सौरपटाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी छतावरचा पट सहज पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि त्याची शक्ती सहाव्या हिश्श्याने कमी होते. भोवताली उडणारी राख व धूळ त्यावर साचली, तर आणखी तूट येते. नियमितपणे पट धुणे ही साधी गोष्ट विदर्भात विसरून चालणार नाही.

दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवणे, हा या आव्हानावरील उपाय. त्यासाठी एक मार्ग विद्युतघटांचा, म्हणजे मोठ्या बॅटऱ्यांचा. दुसरा मार्ग पाण्याचा. सह्याद्रीतील घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. मागणी कमी असते तेव्हा पाणी खालच्या जलाशयातून वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची. या चढउतारात पाचवा हिस्सा किंवा थोडी अधिक वीज खर्ची पडते. पण अवेळी मिळालेली वीज वेळेला कामी येते. सोडून दिलेल्या खाणींचे खोल खड्डे अशा जलाशयांसाठी वापरता येतील काय, याचा विचार कोळसा मंत्रालयाने २०२३ पासून सुरू केला आहे. विदर्भाने या विषयाकडे बारकाईने लक्ष द्यावे. खड्डा हा जसा शाप आहे, तसा तो साठाही होऊ शकतो.

साधनांच्या व्यवस्थेवाचून नवी वस्तू टिकत नाही, हा अनुभव नागपूरने घेतलेला आहे. मे २०१७ मध्ये येथे विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा मोठा प्रयोग गाजावाजाने सुरू झाला. गाड्या आल्या, पण चार्जिंगची केंद्रे मोजकीच होती आणि चालकांचा कमाईचा वेळ रांगेत जाऊ लागला. वर्षभरातच अनेकांनी पुन्हा इंधनाच्या गाड्यांची वाट धरली. दोष विजेच्या गाडीचा नव्हता. पूर्वतयारी अपुरी पडली.

परावलंबनाची नवी वाट

दुसरे आव्हान स्वावलंबनाचे आहे. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. त्या धक्क्याने देशाचे अर्थकारण हादरले होते. आजही भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. सूर्य आणि वारा यांच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही, म्हणून नवी ऊर्जा आपल्याला या पारतंत्र्यातून सोडवील, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे.

परंतु सूर्य स्वदेशी असला तरी सौरपट स्वदेशी असतोच असे नाही. सौरपटाच्या निर्मितीतील सर्व टप्प्यांत चीनचा जागतिक वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदविले. भारताने १ एप्रिल २०२२ पासून आयात सौरपटांवर ४० टक्के आणि सौरघटांवर २५ टक्के सीमाशुल्क लावले व देशी कारखान्यांना उत्तेजन दिले. त्याचे फळ दिसले. २०२५ मध्ये देशाची सौरपट-निर्मितीची क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. तथापि पट जोडणे वेगळे आणि त्याच्या मुळाशी असलेले शुद्ध सिलिकॉन व त्याच्या पातळ चकत्या बनविणे वेगळे. त्या मुळाच्या टप्प्यांवर आपण अजून दुर्बळ आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्ये व त्यांच्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घालताच आपल्या विद्युत-वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. तेलवाहू जहाजांची वाट पाहण्याऐवजी चुंबकाच्या खोक्यांची वाट पाहावी लागणार असेल, तर त्यास स्वावलंबन म्हणता येणार नाही.

एम्प्रेस मिलचा धडा

तिसरे आव्हान सर्वांत अवघड आहे, कारण ते यंत्रांचे नसून माणसांचे आहे. ते समजून घेण्यासाठी नागपूरचाच इतिहास पुरेसा आहे.

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस दाराशी होता, रेल्वे होती आणि वरोड्याच्या खाणीचा कोळसा जवळ होता. या गिरणीने नव्या पद्धतीच्या चात्या देशात प्रथम वापरून पाहिल्या. निवृत्तिवेतनासाठी निधी आणि अपघाताची भरपाई असे कामगारहिताचे पायंडे एकोणिसाव्या शतकातच पाडले. नागपूरच्या कितीतरी पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या.

पुढे काळ पालटला. ज्या वरोड्याच्या कोळशाने गिरणीचे बॉयलर पेटले, ती खाण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाली आणि खाणकाम दक्षिणेस बल्लारपूरकडे सरकले. गिरणी १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. कापड जगात आजही विणले जाते, तंत्रही पुढे गेले आहे. पण गिरणीकामगाराला त्या पुढे गेलेल्या तंत्राबरोबर कोणी नेले नाही. बदल आला हे दुःख नाही. बदल येणार हे वीस वर्षे दिसत असून त्याची तयारी झाली नाही, हे खरे दुःख आहे.

आता हाच प्रसंग खाणपट्ट्यावर येऊ घातला आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सची स्थापना झाली. उमरेड, सावनेर, वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर ही गावे कोळशावर वाढली. तेथील खाणकामगार, कंत्राटी मजूर, ट्रकचालक, गॅरेजवाले, खानावळी चालविणाऱ्या भगिनी, किराणा दुकानदार या सर्वांची चूल शेवटी कोळशावरच पेटते. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या उत्पन्नातही सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच आहे. कायम कामगाराला निवृत्तिवेतन तरी मिळेल. कंत्राटी मजुराच्या आणि टपरीवाल्याच्या नावे कोणत्याही कागदावर काही लिहिलेले नाही. सौर प्रकल्प उभारताना हात लागतात; उभारणी झाल्यावर मात्र थोडी माणसे पुरतात. आणि तो प्रकल्प घुग्घुसलाच होईल, असेही कोणी सांगितलेले नाही.

सुदैवाने अजून वेळ आहे. कोराडीचे तीन संच १४ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. अशा संचाचे आयुष्य चाळीस वर्षांच्या आसपास असते. परंतु कोळसा संपल्याने किंवा काढणे परवडेनासे झाल्याने भूमिगत खाणी वीजकेंद्रांच्या कितीतरी आधी बंद होतात. म्हणजे पहिला आघात खाणीच्या गावावर होणार आहे.

दोन देशांचे दोन मार्ग

या बाबतीत जगाचा अनुभव बोलका आहे. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा दीर्घ संप मोडला गेला आणि त्यानंतर खाणी भराभर बंद झाल्या. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस त्या देशातील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही थांबले. कोळसा गेला, पण जुन्या खाणगावांतील बेकारीचे व उदासीचे व्रण चाळीस वर्षांनंतरही पुरते भरले नाहीत.

जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करण्याचा निर्णय २००७ मध्ये घेतला आणि बोट्रॉपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. मधल्या अकरा वर्षांत कामगारांना टप्प्याटप्प्याने निवृत्ती, नवे शिक्षण आणि अन्य काम देण्यात आले. पुढे २०२० मध्ये कोळशावरील वीज २०३८ पर्यंत थांबविण्याचा कायदा करताना कोळसा-प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूदही करण्यात आली. जर्मनीइतका पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. परंतु आधी माणसांची व्यवस्था आणि मग खाणीला कुलूप, हा क्रम पैशांवर अवलंबून नसतो.

आपल्याकडे पैसा अजिबात नव्हता असेही नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर सुरू झाला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभारणे, हा त्याचा घोषित हेतू होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि या उपकराची जागा राज्यांच्या भरपाईच्या उपकराने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही रद्द होऊन कोळशावरील कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. कर राहिला, त्यामागील उद्देश मात्र वाटेत हरवला. कोळशाच्या गावांचे भवितव्य घडविण्यास त्यातील एक निश्चित हिस्सा राखून ठेवावा, ही मागणी विदर्भाच्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून केली पाहिजे.

हाती असलेल्या संधी

आव्हानांची ही मालिका निराश होण्यासाठी मांडलेली नाही. संधी लहान नाहीत आणि त्यांतील काहींचा आरंभही झाला आहे.

पहिली संधी शेतीची. रात्रीच्या ओलितासाठी वाघ-बिबट्या आणि सापांच्या भयात शेतात जाणारा शेतकरी हे विदर्भातील नित्याचे चित्र आहे. कृषी वीजवाहिन्याच सौर ऊर्जेवर चालवून दिवसा वीज द्यावी, यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. त्याचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमात या योजनेतील एकूण १९ मेगावॅटच्या पहिल्या पाच सौर उद्यानांचे लोकार्पण झाले. या योजनेत खासगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. मुरमाड, पडीक जमिनीतून एवढे उत्पन्न कोणतेही पीक देणार नाही. मात्र काळी, कसदार जमीन या मोहात जाऊ नये, ही दक्षता ग्रामसभांनी घ्यावी.

दुसरी संधी मध्यमवर्गीय घराच्या छतावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत देशातील एक कोटी घरे सौर करण्याचे उद्दिष्ट असून तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. असा संच महिन्याकाठी तीनशेहून अधिक युनिट देतो. महाराष्ट्रात नागपूर जिल्हा या योजनेत आघाडीवर राहिला आहे. ज्या शहराने कोळशाचा धूर सर्वांत जवळून पाहिला, त्याने छतावरच्या सूर्यालाही सर्वांत आधी ओळखावे, हे उचितच आहे. छतावरच्या विजेला नवी जमीन लागत नाही आणि लांबच्या तारांत होणारी गळतीही टळते.

तिसरी संधी खुद्द खाणींत दडलेली आहे. सावनेरजवळ वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाण-पर्यटनाचे उद्यान उभारले. पाटणसावंगीला खाणीतील पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरण्याचा प्रकल्प सुरू केला. कोळशावरील मातीच्या ढिगांतून वाळू वेगळी करून ती गरिबांच्या घरकुलांसाठी दिली. औष्णिक केंद्रांच्या राखेपासून विटा आणि सिमेंट बनते. हे उपक्रम आकाराने लहान असतील; पण खाण संपली म्हणजे गाव संपलेच पाहिजे असे नाही, हे ते दाखवितात. जुन्या ढिगांवर, माती बसून स्थिर झाल्यावर, सौर प्रकल्प उभारता येतात. त्यासाठी शेतकऱ्याची नवी जमीन घ्यावी लागत नाही. सौरपट, विद्युतघट आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने बुटीबोरीपुरते न राहता वणी-बल्लारपूर पट्ट्यातही आले, तर खाणकामगाराच्या मुलाला गाव सोडावे लागणार नाही. वीजवाहिन्यांचे जाळे तेथे आधीपासूनच आहे. रेल्वेचे रूळही आहेत.

वर्ध्याचे विचारधन

या विषयाचे मूलभूत चिंतन नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर फार पूर्वी झाले आहे, याचे स्मरण येथे आवश्यक आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या १९४५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार मांडले. एक साठ्यावर जगणारी आणि दुसरी प्रवाहावर जगणारी. कोळसा, तेल, खनिजे हा साठा. तो उपसला की संपतो आणि संपत असताना माणसांना आणि राष्ट्रांना भांडावयास लावतो. सूर्यप्रकाश, वारा, पाणी, वृक्ष यांचा प्रवाह अखंड असतो. जे राष्ट्र प्रवाहावर आपले जीवन उभारील, त्याला इतरांचे साठे लुटण्याची गरज पडणार नाही, हे त्यांच्या विचाराचे सार. ज्या काळी जगात हवामान-बदलाची चर्चाही नव्हती, त्या काळी हा विचार वर्ध्यात कार्य करणाऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाने मांडला.

त्या विचारात आणखी एक सूचना अंतर्भूत आहे. प्रवाहाला मर्यादा असते. तो वाटेल तितका वापरता येत नाही. कोळशाऐवजी सूर्य आणला, पण उधळपट्टी तीच ठेवली, तर उद्या सौरपटांच्या कचऱ्याचे नवे डोंगर उभे राहतील. सौरपटाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्याचा समावेश करण्यात आला आहे. नियम झाला, सवय व्हावयाची आहे. वीज वाचविणे ही सर्वांत स्वस्त वीजनिर्मिती होय.

समाजाचे कर्तव्य

शासनाने काय करावे, याची सूची नेहमीच मोठी असते. समाजाने करावयाची कामे तुलनेने थोडी आणि स्पष्ट आहेत.

ज्यांचे स्वतःचे छत आहे, त्यांनी सौर संच बसवावा आणि शक्यतो देशी बनावटीचा बसवावा. गृहनिर्माण संस्थांनी सामायिक दिवे, उद्वाहन आणि पाण्याच्या पंपासाठी एकत्रित व्यवस्था करावी. शाळा, मंगल कार्यालये, वसतिगृहे आणि देवालये यांची विस्तीर्ण छते दिवसभर उन्हात तापत असतात; त्यांच्या विश्वस्तांनी पुढे यावे.

खाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांचे काम याहून अवघड आणि अधिक मोलाचे आहे. २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणबाधित गावांसाठी त्याचा निधी असतो आणि कौशल्य-विकास हे त्याच्या प्राधान्यक्रमातील एक क्षेत्र आहे. तो निधी कमानी आणि सभामंडपांवर खर्च होतो की तरुणांच्या प्रशिक्षणावर, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारी माणसे प्रत्येक गावात हवीत. आपल्या परिसरातील कोणती खाण किती वर्षांत बंद होणार, तीवर किती कायम व किती कंत्राटी माणसे अवलंबून आहेत, त्यांच्या मुलांना कोणते शिक्षण मिळते आहे, याची गावनिहाय नोंद तयार करणे हे काम कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. उमरेड, वणी, राजुरा, भद्रावती येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौर तंत्र, विद्युतघट आणि विद्युत-वाहन दुरुस्तीचे वर्ग भरपूर चालावेत, यासाठी पाठपुरावा करता येईल. खाणीत विजेचे आणि यंत्रांचे काम करणारा कुशल कामगार हा नव्या ऊर्जेचा पहिला उमेदवार आहे. त्याला नवे काम शिकणे जड जाणार नाही. त्याला ते वेळेवर शिकविले मात्र पाहिजे.

येत्या काळात किती गिगावॅट उभारले, याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज येतील आणि ते वाढतच जातील. विदर्भाने त्यांचे स्वागत करावे. परंतु आपला हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा. वलनी किंवा घुग्घुसमधील खाणीचे शेवटचे पाळे संपेल, त्या दिवशी तेथून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्या दिवशीची चूल पेटण्याची व्यवस्था झालेली आहे काय, हे त्या वहीतील पहिले कलम असावे. ते कलम जमेच्या बाजूला गेले, तरच हे परिवर्तन यशस्वी झाले असे म्हणता येईल.